लाकडी माइनस्वीपर आणि किनाऱ्यालगतचे सुरुंगयुद्ध : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुसऱ्या महायुद्धात विमानवाहू नौका, पाणबुड्या आणि विनाशिका यांच्याविषयी भरपूर लिहिले गेले. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातून रोज पहाटे सुरुंग काढणाऱ्या छोट्या नौकांविषयी मात्र मराठीत फारच थोडे वाचायला मिळते. खालील उत्तरांत मुख्यतः ब्रिटिश आणि अमेरिकन लाकडी माइनस्वीपरचा विचार केला आहे. भारताशी, आणि विशेषतः मुंबई व कोकणाशी, या विषयाचा जेथे खरा संबंध येतो तेथे तोही सांगितला आहे.

माइनस्वीपर म्हणजे नेमकी कोणती नौका? किनारी माइनस्वीपर वेगळी कशी?

शत्रूने समुद्रात पेरलेले सुरुंग शोधून, कापून किंवा मुद्दाम फोडून जहाजांसाठी सुरक्षित वाट तयार करणारी नौका म्हणजे माइनस्वीपर. मोठ्या आरमाराबरोबर खोल समुद्रात जाणाऱ्या माइनस्वीपर पोलादी असत, त्यांचा वेग बरा असे आणि त्यांच्यावर तोफाही असत. किनारी माइनस्वीपरचे काम बंदराचे तोंड, नदीचे मुख, खाडी आणि किनाऱ्याला समांतर जाणारा जलमार्ग एवढ्यापुरते मर्यादित होते. ब्रिटिश नौदलाची 105 फूट लांबीची मोटर माइनस्वीपर सुमारे 165 टनांची होती आणि तिला एकच डिझेल इंजिन असे. तिचा वेग दहा-अकरा नॉटच्या (एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) पुढे जात नसे आणि सुमारे वीस माणसे तिच्यावर राहत. अशा तीनशेहून अधिक नौका युद्धकाळात बांधल्या गेल्या. त्यांना नावे नव्हती, फक्त क्रमांक होते, आणि खलाशांनी त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून (MMS) त्यांचे नाव ‘मिकी माउस’ पाडले होते.

अमेरिकेने बांधलेली 136 फुटी लाकडी माइनस्वीपर थोडी मोठी आणि अधिक वेगवान होती. तिचा वेग पंधरा नॉटपर्यंत जाई. या प्रकारच्या एकूण 561 नौका बांधल्या गेल्या आणि त्यांतील 80 मुळातच ब्रिटनसाठी बांधलेल्या होत्या.

सागरी सुरुंग फुटतो कसा?

सर्वांत जुना आणि सर्वांत स्वस्त प्रकार स्पर्शाने फुटणाऱ्या सुरुंगाचा. स्फोटके भरलेला पोलादी गोळा तळावरच्या वजनाला तारेने बांधून पाण्याखाली काही फुटांवर तरंगत ठेवलेला असतो. त्या गोळ्यावर शिशाची मऊ शिंगे असतात आणि प्रत्येक शिंगात आम्लद्रव्याची काचेची नळी असते. जहाज शिंगावर आदळले की शिसे वाकते, काच फुटते, द्रव खालच्या दोन धातुपट्ट्यांपर्यंत पोहोचून तेथेच एक लहानशी बॅटरी तयार होते आणि तिच्या प्रवाहाने स्फोट होतो. पाण्यात अनेक वर्षे पडून राहिल्यावरही ही रचना काम करू शकते, कारण फुटण्याच्या क्षणापर्यंत तिच्यात वीज साठवलेलीच नसते. साध्या रचनेतली ही टिकाऊ क्रूरता लक्षात घेतली की युद्ध संपल्यावरही सुरुंग काढण्याचे काम इतकी वर्षे का चालले, ते समजते.

1907 च्या हेग करारात अशा सुरुंगांविषयी नियम केले गेले होते. दोर तुटून मोकळा झालेला सुरुंग आपोआप निकामी व्हावा, अशी त्यात अट होती. प्रत्यक्ष युद्धात ती नेहमी पाळली गेली नाही.

तारेने सुरुंग कापायची पद्धत कशी होती?

पहिल्या महायुद्धात दोन नौका समांतर चालत आणि त्यांच्यामध्ये पाण्याखाली एक लांब तार ओढली जाई. सुरुंगाचा दोर त्या तारेत अडकला की तो ओढला जाऊन तुटे किंवा सुरुंगच खेचला जाई. दोन्ही नौकांना सतत एकमेकींचे अंतर राखावे लागे, आणि भरती-ओहोटीच्या प्रवाहात हे फार कठीण जाई.

पुढे एकाच नौकेने करता येईल अशी पद्धत निघाली आणि जिच्यावर तिच्या चाचण्या झाल्या त्या ‘ओरोपेसा’ या ट्रॉलरचेच, म्हणजे जाळे ओढणाऱ्या मासेमारी नौकेचेच, नाव तिला मिळाले. नौकेच्या पिछाडीवरच्या विंचवरून, म्हणजे तार गुंडाळायच्या यंत्रावरून, एक लांब पोलादी तार सोडली जाते. तारेचा नौकेजवळचा भाग ‘काइट’ नावाची पोलादी पट्ट्यांची चौकट पाण्यात खोल दाबून धरते. दुसऱ्या टोकाला तशीच दुसरी चौकट असते, तिला ‘ऑटर’ म्हणतात. पाण्याच्या दाबाने ती तारेला नौकेपासून दूर, एका बाजूला खेचत नेते. ते टोक फार खोल जाऊ नये म्हणून त्याच्यावर एक लांबट फ्लोट बांधलेला असतो आणि त्याच्यावरचा झेंडा लाटांमधूनही दिसतो. अशा रीतीने नौका सरळ पुढे जात असताना तिच्या मागे एका अंगाला ठरावीक खोलीवर तार पसरलेली राहते. तारेला करवतीसारखे दाते असत आणि शिवाय जागोजागी कटर बसवलेले असत. सुरुंगाचा दोर तारेवरून घसरत कटरपर्यंत आला की कापला जाई.

या पद्धतीत सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे नौकांची मांडणी. पाच-सहा नौका तिरक्या रांगेत चालत आणि प्रत्येक मागची नौका पुढच्या नौकेच्या तारेने साफ केलेल्या पट्ट्याच्या आत राही. शेतकरी नांगरताना आधीच्या तासाला लागूनच पुढचा तास धरतो, तसेच हे होते. साफ न झालेल्या पाण्यातून जाणारी नौका फक्त एकच असे, ती म्हणजे सर्वांत पुढची. मागून येणारी एक नौका साफ झालेल्या पट्ट्याच्या कडेला झेंडे लावलेले बोये टाकत येई, कारण परत फिरताना त्या कडेवर थोडे चढूनच पुढचा पट्टा घ्यायचा असे. मध्ये एक हात जागा सुटली तरी संपूर्ण दिवसाचे काम व्यर्थ ठरे. त्यामुळे वाट आखणाऱ्या अधिकाऱ्याचा किनाऱ्यावरील खुणा पाहून नौकेची जागा नकाशावर मांडण्याचा हात अत्यंत पक्का असावा लागे.

दोर कापून वर आलेल्या सुरुंगाचे काय करीत?

त्याच्यावर रायफलने गोळ्या झाडत. गोळी पोलादी गोळ्याला भोक पाडून गेली तर पाणी आत शिरून सुरुंग बुडे. शिंगावर लागली तर तो फुटे. डोलणाऱ्या डेकवरून लाटांत वरखाली होणाऱ्या काळ्या गोळ्याच्या शिंगावर नेम धरणे सोपे नसे. म्हणून बहुतेक वेळा बरीच काडतुसे खर्ची पडून शेवटी तो बुडेच. अंतर मात्र नीट राखावे लागे, कारण स्फोट झाला तर पोलादाचे तुकडे दूरवर उडत.

लाकडी नौकांची गरज 1939 मध्येच इतकी एकाएकी का भासली?

कारण जर्मनीने चुंबकीय सुरुंग वापरायला सुरुवात केली. हा सुरुंग दोराला बांधलेला नसतो. तो उथळ समुद्राच्या तळावर पडून राहतो आणि वरून पोलादी जहाज गेल्यामुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात होणारा बदल ओळखून फुटतो. कापायला दोरच नसल्याने तारेची पद्धत येथे पूर्णपणे निरुपयोगी ठरली. शिवाय स्फोट जहाजाच्या तळाखाली होत असल्याने जहाजाचा कणाच मोडे.

नोव्हेंबर 1939 मध्ये इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर जहाजे एकामागून एक बुडू लागली. 18 नोव्हेंबरला ‘सिमोन बोलिव्हार’ हे डच प्रवासी जहाज आणि 21 नोव्हेंबरला ‘तेरुकुनी मारू’ हे जपानी जहाज बुडाले. त्याच दिवशी ‘बेलफास्ट’ या क्रूझरचा तळ मोडला. लंडन बंदराची वाहतूक जवळजवळ ठप्प होण्याच्या बेतात आली.

यातून सुटका झाली ती एका जर्मन वैमानिकाच्या चुकीमुळे आणि काही ब्रिटिश माणसांच्या धैर्यामुळे. 22 नोव्हेंबरच्या रात्री एका विमानाने टाकलेला सुरुंग थेम्सच्या मुखाजवळ शूबरीनेस येथील चिखलवटीत पडला आणि ओहोटीने उघडा झाला. दुसऱ्या दिवशी लेफ्टनंट कमांडर जॉन ऊव्हरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी मुद्दाम करून घेतलेल्या पितळी हत्यारांनी तो उघडला, कारण लोखंडी हत्यार जवळ नेणेही जिवावर बेतले असते. तो सुरुंग काम कसा करतो हे कळले आणि मग दोन दिशांनी उपाय सुरू झाले. पहिला उपाय म्हणजे जहाजाभोवती विजेच्या तारा गुंडाळून त्याचे चुंबकत्व कमी करणे. दुसरा उपाय म्हणजे ज्यांना मुळातच फारसे चुंबकत्व नाही अशा लाकडी नौकांकडून सुरुंग दुरूनच फोडून घेणे. या दुसऱ्या उपायामुळे ब्रिटन, कॅनडा आणि अमेरिका येथील मासेमारीच्या बोटी व यॉट बांधणाऱ्या छोट्या गोद्यांना एकाएकी कधी न पाहिलेल्या मागण्या आल्या. ज्या सुतारांची कला पोलादी जहाजांमुळे मागे पडत चालली होती, त्यांच्याच हातांवर त्या काळी नौदल अवलंबून राहिले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

लाकडी नौका चुंबकीय सुरुंग फोडत कशी?

नौकेच्या मागे दोन विद्युत केबल पाण्यावर तरंगत ओढल्या जात. त्यांतील एक आखूड आणि दुसरी बरीच लांब असे. दोन्हींची टोके उघडी असल्याने खारे पाणीच विजेचे मंडल पूर्ण करी. नौकेवरील जनित्र आणि बॅटऱ्यांमधून ठरावीक अंतराने काही सेकंदांपुरता हजारो अँपिअरचा प्रवाह सोडला जाई, त्या क्षणी नौकेच्या बऱ्याच मागे मोठे चुंबकीय क्षेत्र तयार होई आणि त्या टप्प्यातला सुरुंग फुटे. दोन नौका शेजारी-शेजारी चालून एकाच क्षणी प्रवाह सोडत, त्यामुळे त्यांच्यामधला रुंद पट्टा एकाच फेरीत साफ होई. 1940 च्या वसंतात ही पद्धत नियमित वापरात आली.

या कामात सर्व भिस्त वेळेवर असे. दोन्ही नौकांचे प्रवाह एकत्र सुटले नाहीत तर क्षेत्र कमी पडे; नौका फार वेगाने चालली तर तिच्या मागे न साफ झालेले पाणी राहून जाई. सुरुंग फुटला की मागे पाण्याचा प्रचंड खांब उभा राही आणि संपूर्ण नौका हादरे. लाकडी सांधे त्यामुळे सैल होत आणि पंप सतत चालू ठेवावे लागत.

मग शत्रूने यावर काही उपाय केला नाही का?

केला, आणि पुन्हा पुन्हा केला. 1940 च्या शरदात ध्वनीने फुटणारे सुरुंग आले. त्यांना जहाजाच्या पंख्याचा आवाज पुरेसा असे. त्यावर उपाय म्हणून नौकेच्या पुढच्या भागाखाली पोलादी पेटीत रस्ते फोडायच्या कामाचा यांत्रिक हातोडा बसवण्यात आला. तो इतका आवाज करी की सुरुंग नौका जवळ येण्याआधीच फुटे. त्यानंतर ध्वनी आणि चुंबकत्व या दोन्हींची गरज असणारे सुरुंग आले, आणि त्याहूनही त्रासदायक म्हणजे मोजणारे सुरुंग आले. असा सुरुंग पहिल्या काही वेळा जागा होऊन पुन्हा झोपी जाई आणि ठरलेल्या फेरीलाच फुटे. म्हणजे माइनस्वीपर दहा वेळा सुखरूप गेली तरी अकरावे जाणारे मालवाहू जहाज बुडू शके. त्यामुळे एकच वाट रोज, अनेकदा साफ करावी लागे. या कामातला खरा कस माझ्या मते येथे आहे. धैर्य दाखवण्याचा एखादा ठळक क्षण येथे नाही. पुन्हा पुन्हा त्याच पाण्यावरून जाण्याची चिकाटी मात्र रोज लागे, आणि ती मोजण्याचे साधन कोणाकडेच नव्हते.

1944 च्या जूनमध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर जर्मनांनी दाबाने फुटणारे सुरुंग वापरले. जहाजाखालून जाणाऱ्या पाण्याचा दाब घटला की ते फुटत, आणि तो दाब खोटा निर्माण करणे माइनस्वीपरला जमत नव्हते. 19-20 जूनच्या रात्री लुक-सुर-मेर येथे असा एक सुरुंग हाती लागला. त्यावर उरलेला उपाय म्हणजे जहाजांनी उथळ पाण्यात अगदी संथ चालणे.

या नौकांवर कोण काम करीत असे?

ब्रिटनमध्ये यातील मोठा भाग मच्छीमारांचा होता. पहिल्या महायुद्धातच नौदलाच्या लक्षात आले होते की सुरुंग काढण्यात विंच, तार, जाळ्याचे ओझे आणि उथळ समुद्राची माहिती यांचा कस लागतो, आणि हे सर्व ट्रॉलरवरील माणसांना आधीपासून येते. त्यांना मिळून रॉयल नेव्हल पेट्रोल सर्व्हिस असे नाव होते आणि तिचे मुख्यालय पूर्व किनाऱ्यावरील लोवेस्टॉफ्ट गावातल्या ‘स्पॅरोज नेस्ट’ या नगरपालिकेच्या बागेत होते. उन्हाळ्यात जेथे करमणुकीचे कार्यक्रम होत, तेथे आता नवी भरती, बदल्या आणि पगारवाटप होऊ लागले. युद्धाच्या भरात या सेवेत सुमारे 66,000 माणसे होती. शिस्तप्रिय आरमारी अधिकाऱ्यांना त्यांची ढिली चाल खटके. नौकेचा कर्णधार हा बहुधा स्वतःच अनेक वर्षे मासेमारी केलेला ‘स्किपर’ असे, आणि हुकूम देण्यापेक्षा स्वतः दोर हातात घेऊन दाखवण्याची त्याला सवय असे. कोकणच्या किनाऱ्यावर तांडेलाची जी जागा असते, जवळपास तीच तेथे त्याची होती.

लोवेस्टॉफ्टच्या स्मारकावर ज्यांना समुद्राखेरीज दुसरी कबर नाही अशा 2,385 जणांची नावे कोरलेली आहेत. या सेवेतील माणसांना सुरुंग व पाणबुडीविरोधी कामासाठी चांदीचा वेगळा बिल्लाही दिला जाई.

नौकेवर राहणे कसे असे?

अत्यंत अडचणीचे. बत्तीस मीटर लांबीच्या नौकेत पिछाडीचा मोठा भाग केबलचे रीळ, विंच आणि फ्लोट यांनीच व्यापलेला असे. इंजिन आणि जनित्र यांच्या आवाजात जेमतेम हात पसरता येतील एवढ्या जागेत खलाशी झोपत. नौकेचा तळ उथळ असल्याने लहानशा लाटेतही ती जोराने हेलकावे खाई. या त्रासाबद्दल छोट्या नौकांवरील माणसांना थोडा जादा भत्ता मिळे. स्वीप, म्हणजे मागे ओढायची तार किंवा केबल, बाहेर असताना नौकेला वळणे किंवा एकदम थांबणे शक्य नसे, म्हणून शत्रूचे विमान आले तरी त्यांना सरळच चालत राहावे लागे. दोन-चार मशीनगन किंवा एखादी लहान तोफ एवढेच त्यांचे संरक्षण असे.

सुरुंग नौकेच्या खालीच फुटला तर बहुतेक वेळा कोणीच वाचत नसे. म्हणून साफ न झालेल्या पाण्यात शिरताना खालच्या भागात अत्यावश्यक माणसांखेरीज कोणी थांबत नसे आणि इतर सर्व जण लाइफजॅकेट घालून डेकवर उभे राहत. इंजिन सांभाळणाऱ्याला ती सवलत नव्हती.

नॉर्मंडीच्या स्वारीत त्यांचे काम काय होते?

6 जून 1944 रोजी सैन्य किनाऱ्यावर उतरण्याआधी इंग्लिश खाडीतून दहा सुरक्षित वाटा काढायच्या होत्या, आणि त्यासाठी अडीचशेहून अधिक माइनस्वीपर वापरल्या गेल्या. सर्व आरमाराच्या पुढे त्याच होत्या. 5 जूनच्या संध्याकाळी, अजून उजेड असताना, त्यांतील काही नौका फ्रान्सचा किनारा स्पष्ट दिसावा इतक्या जवळ पोहोचल्या होत्या, आणि तरीही जर्मन तोफा गप्प राहिल्या. मागून येणाऱ्या नौकांचा वेग कमी असल्याने माइनस्वीपरना स्वीप नीट पसरेल त्याहूनही संथ चालावे लागले. रात्रीच प्रवाहाची दिशा बदलल्याने भर वाटेत तारा एका बाजूने काढून दुसऱ्या बाजूला सोडाव्या लागल्या, तेही अंधारात आणि दिवे न लावता. हे सर्व काम ठरलेल्या वेळेत पार पडले. ‘ऑस्प्रे’ ही अमेरिकन माइनस्वीपर 5 जूनला सुरुंगाने बुडाली आणि तिच्यावरील सहा जण गेले.

मोठ्या माइनस्वीपरनी वाटा काढल्या आणि नंतरचे अनेक आठवडे छोट्या लाकडी नौकांनी नांगरण्याच्या जागा आणि बंदरे साफ केली. 27 ऑगस्टला याच किनाऱ्यावर ‘ब्रिटोमार्ट’ आणि ‘हसार’ या माइनस्वीपर ब्रिटिश टायफून विमानांनीच शत्रूच्या समजून बुडवल्या, कारण त्या तेथे काम करीत आहेत हा निरोप योग्य ठिकाणी पोहोचला नव्हता. शंभराहून अधिक माणसे त्यात गेली.

मुंबईच्या समुद्रात कधी सुरुंग पेरले गेले होते का?

होय, पहिल्या महायुद्धात. ‘वुल्फ’ हे जर्मन सशस्त्र व्यापारी जहाज साडेचारशेहून अधिक सुरुंग घेऊन 1916 च्या अखेरीस जर्मनीतून निघाले आणि दक्षिण आफ्रिकेच्या टोकाजवळ सुरुंग पेरून 1917 च्या फेब्रुवारीत कोलंबो आणि मुंबईच्या समुद्रात आले. जून 1917 मध्ये पी अँड ओ कंपनीचे ‘मंगोलिया’ हे प्रवासी जहाज मुंबईपासून सुमारे पन्नास मैलांवर त्यातल्याच एका सुरुंगाने बुडाले. सुरुंग टाकणारे जहाज तोवर पॅसिफिक महासागरात निघून गेले होते. एकाच जहाजाने एका रात्री केलेले काम निस्तरायला अनेक नौकांना महिनोन् महिने लागतात, हे सुरुंगयुद्धाचे गणित मुंबईने तेव्हा जवळून पाहिले.

रॉयल इंडियन नेव्हीकडे अशा नौका होत्या का?

होत्या. दुसऱ्या महायुद्धात भारतीय आरमाराचा मोठा भाग माइनस्वीपरचाच होता. त्यातील बऱ्याच बँगॉर आणि बॅथर्स्ट वर्गातल्या, म्हणजे लाकडी नौकांपेक्षा मोठ्या आणि पोलादी होत्या, पण काम बंदरे आणि किनारी मार्ग सांभाळण्याचेच होते. ‘कोकण’, ‘मुंबई’, ‘दख्खन’ ही त्यांतील काहींची नावे. युद्धापूर्वी या दलातील खलाशांत रत्नागिरीकडील कोकणी मुसलमानांचे प्रमाण मोठे होते. युद्धात भरती देशभर पसरली.

यातील ‘बंगाल’ या ऑस्ट्रेलियात बांधलेल्या माइनस्वीपरची हकीकत विशेष सांगण्यासारखी आहे. 11 नोव्हेंबर 1942 रोजी ती ‘ओन्डिना’ या डच तेलवाहू जहाजाला सोबत करीत हिंदी महासागरातून दिएगो गार्सिया बेटाकडे चालली होती. समोरून ‘होकोकु मारू’ आणि ‘आयकोकु मारू’ ही दोन जपानी सशस्त्र जहाजे आली. प्रत्येक जहाज दहा हजार टनांहून मोठे आणि अनेक भारी तोफांनी सज्ज होते. ‘बंगाल’ सुमारे 650 टनांची, आणि तिच्यावर बारा पौंडी एकच मुख्य तोफ. कर्णधार लेफ्टनंट कमांडर विल्यम विल्सन यांनी तेलवाहू जहाजाला निघून जाण्यास सांगितले आणि आपली नौका थेट शत्रूच्या दिशेने घातली. लढाईत ‘होकोकु मारू’ला आग लागली, तिच्यात मोठा स्फोट झाला आणि ती बुडाली. निर्णायक गोळा ‘बंगाल’चा की ‘ओन्डिना’चा, यावर तेव्हापासून मतभेद आहेत. दारूगोळा संपत आल्यावर ‘बंगाल’ धुराच्या आडोशाने बाजूला झाली आणि दिएगो गार्सियाला पोहोचली. ‘ओन्डिना’चे कप्तान विलेम होर्समन मारले गेले, पण जहाज ऑस्ट्रेलियाला परतले. श्रेय कोणाच्या गोळ्याला द्यायचे याहून मला महत्त्वाचा वाटतो तो सुरुंग काढण्यासाठी बांधलेल्या नौकेने त्या क्षणी घेतलेला निर्णय.

जर्मनी आणि जपानकडेही असे ताफे होते का?

जर्मनीकडे ‘आर-बोट’ नावाच्या छोट्या, चपळ माइनस्वीपर होत्या आणि त्या चारशेहून अधिक बांधल्या गेल्या. जपानची स्थिती फार बिकट होती. 27 मार्च 1945 पासून अमेरिकन बी-29 विमानांनी जपानी बंदरांभोवती बारा हजारांहून अधिक सुरुंग टाकले. त्यांतील बरेच दाब आणि चुंबकत्वाने चालणारे होते आणि त्यांच्यापुढे जपानचा लाकडी बोटींचा ताफा अपुरा पडला.

आपल्याच बाजूच्या सुरुंगांमुळे नौका गेल्या का?

बोर्निओतील बालिकपापान हे याचे ठळक उदाहरण आहे. 1945 च्या जून-जुलैमध्ये तेथे सैन्य उतरवण्याआधी अमेरिकन लाकडी माइनस्वीपर पाठवण्यात आल्या. त्या उथळ पाण्यात दोस्त राष्ट्रांच्याच विमानांनी पूर्वी टाकलेले चुंबकीय सुरुंगही होते, आणि किनाऱ्यावरून जपानी तोफा मारा करीत होत्या. तेथे 39, 50, 84 आणि 365 क्रमांकांच्या चार नौका गमावल्या गेल्या.

युद्ध संपल्यावर काम संपले का?

मुळीच नाही. पेरलेले सुरुंग तहनामा वाचत नाहीत. ब्रिटिश देखरेखीखाली जर्मन नौदलातीलच सुमारे 27,000 माणसे आणि सुमारे तीनशे नौका 1948 पर्यंत उत्तर युरोपच्या समुद्रात सुरुंग काढत होत्या. जपानमध्येही तेच झाले आणि तेथील माइनस्वीपर पथके पुढे देशाच्या नव्या सागरी दलाचा गाभा ठरली.

यानंतर पाचच वर्षांत कोरियात हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. 1950 च्या ऑक्टोबरमध्ये उत्तर कोरियाच्या वोनसान बंदराबाहेर सोव्हिएत बनावटीचे सुमारे तीन हजार सुरुंग साध्या शिडाच्या आणि वल्ह्याच्या होड्यांतून टाकले गेले होते, तर अमेरिकेने आपल्या माइनस्वीपर मोठ्या प्रमाणावर मोडीत काढल्या होत्या किंवा बंद करून ठेवल्या होत्या. त्याआधी 1 ऑक्टोबरला कोरियाच्या पूर्व किनाऱ्यावर दुसरीकडे ‘मॅगपाय’ ही लाकडी नौका गेली, तिच्यावरील 33 पैकी फक्त 12 वाचले. 12 ऑक्टोबरला वोनसानला ‘पायरेट’ आणि ‘प्लेज’ या पोलादी माइनस्वीपर बुडाल्या. जगातील सर्वांत मोठे आरमार बंदराबाहेर खोळंबले आणि त्या काळात दक्षिण कोरियाचे सैन्य जमिनीवरून शहरात आधीच पोहोचले होते.

या लाकडी नौकांपैकी काही पुढे वापरात राहिल्या का?

बऱ्याच मासेमारीसाठी, मालवाहतुकीसाठी किंवा फेरी म्हणून विकल्या गेल्या. सर्वांत प्रसिद्ध ठरली ती ‘कॅलिप्सो’. 1942 मध्ये सिअॅटल येथे ती ब्रिटिश नौदलासाठी अमेरिकन लाकडी माइनस्वीपर म्हणून बांधली गेली. युद्धानंतर ती माल्टामध्ये फेरी होती, आणि 1950 पासून झाक कुस्तो यांची सागरसंशोधन नौका झाली. 1996 मध्ये सिंगापूर बंदरात एका बार्जने धडक दिल्याने ती बुडाली आणि नंतर वर काढली गेली.

स्वतंत्र भारताच्या नौदलात या परंपरेचे काय झाले?

1950 च्या दशकात भारताने ब्रिटनकडून ‘टन’ (Ton) नावाच्या वर्गाच्या चार किनारी माइनस्वीपर घेतल्या : ‘कारवार’, ‘काकिनाडा’, ‘कन्नानोर’ आणि ‘कडलूर’. त्यांची बांधणी ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर लाकडी फळ्यांची होती. त्याहून लहान नौकांत ‘बसीन’ म्हणजे आपली वसई होती, तर ‘भटकळ’ आणि ‘बलसाड’ या माझगाव गोदीत बांधल्या गेल्या. पुढे सोव्हिएत संघाकडून आलेल्या नौकांत ‘रत्नागिरी’, ‘कोकण’ आणि ‘मालवण’ ही नावे आली. किनाऱ्यावरच्या गावांची नावे किनारा साफ करणाऱ्या नौकांना देण्याची ही पद्धत मनापासून आवडावी अशी आहे.

1971 च्या युद्धानंतर चितगाव बंदरातील सुरुंग आणि बुडालेली जहाजे काढण्याचे मोठे काम सोव्हिएत नौदलाने 1972 ते 1974 या काळात केले. भारताची सोव्हिएत बनावटीची शेवटची माइनस्वीपर ‘कोझिकोड’ एप्रिल 2019 मध्ये निवृत्त झाली. त्याआधी गोवा शिपयार्डमध्ये दक्षिण कोरियाच्या सहकार्याने 12 नव्या नौका बांधण्याची योजना अनेक वर्षे चर्चेत होती, पण ती 2018 मध्ये रद्द झाली. अकरा हजार किलोमीटरच्या आसपास किनारा आणि त्यावर अवलंबून असलेली तेलाची आयात पाहता, नव्या नौका येण्यास झालेला हा विलंब चिंताजनक आहे, असे मला वाटते.